एकुणऐंशी म्हणजे किती

ब्रह्मपुरी
११ फेब्रुवारी २०२५

वामनभाऊ,
जय भीम.

पत्राची सुरुवात कशी करायची ते मले माहीत नव्हतं, म्हणून आईले विचारलं. ती म्हणे, मोठ्या माणसाले लिहून राहिली तर आधी तब्येत विचार, मंग घरच्यांचं, मंग कामाचं. तर तब्येत कशी आहे तुमची? बायनाबाईंचा गुडघा कसा आहे? आता कामाचं लिहिते. माझं मराठी लिहिणं खराब आहे. शाळेत मराठी फक्त पास होण्यापुरतं केलं. म्हणून जसं बोलते तसंच लिहून राहिली, समजून घेजा.

तुम्ही फोन उचलत नाई. वडस्याच्या नदीमभाईंना विचारलं तर ते म्हणे, भाऊंनी फोन बंद करून पेटीत टाकला. पोस्टमन तरी दारापर्यंत येईल, म्हणून पत्र.

भाऊ, जानेवारीच्या मीटिंगचं मनाले लावून घेऊ नका. तुम्ही उठून गेल्यावर कोणी वाईट बोललं नाई. आमचे दिनेश सर इतकंच म्हणे, 'माणूस जुना आहे, सांगता सांगता इकडचं तिकडं झालं असन.' आमच्या ग्रीन विंग्जमध्ये सगळ्यांले तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे. चिचटोल्याच्या जंगलात टकल्या करकोचा घरटी करते हे आम्हाले कोणी सांगितलं? तुम्हीच. पुस्तकात त्याचं नाव लेसर ॲडज्युटंट लिहिलं आहे, पण तुमचं टकल्या मले जास्त आवडते. ब्रह्मपुरीचा आमचा ग्रुप, नदीमभाईंची टीम अन् तुमच्या गावची समिती, तीन जागचे लोक एका पंगतीत बसले ते बी तुमच्यामुळेच. नाईतर आम्ही एकमेकांच्या फोटोले नुसते लाइक देत बसलो असतो.

पण चूक तर झाली ना. नोव्हेंबरमध्ये जंगल खात्याच्या साहेबांनी स्वतः म्हटलं होतं, जंगलाच्या ज्या तुकड्यात घरटी आहेत त्या कंपार्टमेंटचे नंबर द्या, यंदा तिथी कटाई करणार नाई. आपण अकरा नंबर दिले. दहा बरोबर होते. एक ८१ गेला, पाहिजे होता ७९. साहेबांनी शब्द पाळला, ८१ सोडलं. तिथी सागाशिवाय काईच नव्हतं. अन् ७९ मध्ये कटाईवाले गेले. सात घरट्यांची काटेसावर पडली. अकरा पिल्लं होती, तीन वाचली.

तुम्ही नंबर सांगत होते, मी लिहून घेत होती. मी परत विचारून कन्फर्म बी केलं अन् तुम्ही हो म्हटलं. मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं. जे झालं तेच सांगितलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, दुपट्टा खांद्यावर टाकला अन् निघून गेले. काऊन गेले, भाऊ? थांबले असते तर सगळ्यांनी समजूत काढली असती.

चूक कोणाकडूनही होते. टेन्शन घेऊ नका अन् परत या. उन्हाळ्याची पाणवठ्यावरची गणना तुमच्याशिवाय कशी होईल?

तुमची,
रिना
(ग्रीन विंग्ज, ब्रह्मपुरी. तुमच्या गावाची दुर्बीणवाली.)


ब्रह्मपुरी
३ मार्च २०२५

वामनभाऊ,
जय भीम.

काल मी तुमच्या घरी आली होती. तुम्ही मागच्या दारानं गेले ते मी पाहिलं. चपला ओट्यावरच राहिल्या होत्या, म्हणजे अनवाणी गेले. माझ्यामुळे मोठ्या माणसाले बिनचपलेचं पळावं लागलं, हे मी आईले सांगितलं नाई.

बायनाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, येताना ओंजळभर बोरं दिली. मी विचारलं, भाऊ माझ्यावर रागावले का? बाई म्हणे, "रागावले असते तं बरं झालं असतं. शिव्या देऊन मोकळे झाले असते. आता तं बोलतच नाईत, ना माह्याशी, ना बैलाशी."

मंग त्यांनी मले जे सांगितलं ते मले माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये तुमच्या गावचे लोक पाळीपाळीनं त्या काटेसावरीखाली बसणार होते. कटाईवाले आले तर आडवे होणार होते. तुम्हीच त्यांना घरी पाठवलं. यादीत नंबर गेला, आता कोणी हात लावत नाई, धानाची मळणी सोडून इथी काऊन बसता, असं म्हणून. बुधरीबाईंना दोन वर्ष बकऱ्या त्या झाडाखाली चारू दिल्या नाई, ते बी तुम्हीच. अन् झाड पडलं त्या दिवशी तुम्ही पोरीच्या घरी पाहुणे गेले होते. बाई सांगतात, परत आले तर लोक तुमच्या अंगणात उभे होते. कोणी भांडले नाई. एकानं फक्त मेलेलं पिल्लू आणून ओट्यावर ठेवलं.

परत येताना काळीपिवळीची वाट पाहत होती तर तुमच्या समितीचा सुरज भेटला. त्यानं विचारलं, "एक्याऐंशीच्या घरी आल्ता का मॅडम?" मले आधी समजलं नाई. मंग समजलं. पूर्ण गाव तुमाले एक्याऐंशी म्हणते. लहान लेकरं बी म्हणतात. दुकानात गेले तर म्हणतात, विहिरीवर गेले तर म्हणतात.

भाऊ, मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे, मी लिहिली नाई. मी परत विचारलं होतं हे खरं आहे. पण मी इंग्रजीत विचारलं होतं. 'एटी वन ना भाऊ?' असं विचारलं. तुम्ही थोडं थांबले अन् 'हो, तेच' म्हटलं.

तुमाले एटी वन समजलं होतं ना? समजलं असन असं मी धरून चालली. आता गाडीत बसल्यापासून तोच विचार करून राहिली.

बोरं गोड होती. बाईंना सांगजा.

रिना


ब्रह्मपुरी
१५ एप्रिल २०२५

वामनभाऊ,
जय भीम.

काल जयंतीले तुम्ही ब्रह्मपुरीत आले होते. मी तुमाले पाहिलं. तुम्ही बी मले पाहिलंच, मी स्टेजवर होती ना.

मी रॅलीतच तुमाले पाहिलं होतं. पांढरा सदरा, बाजूले बायनाबाई निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात. मी डीजेच्या गाडीमागे लपली. कानाचे पडदे फाटायची वेळ आली तरी बाहेर निघाली नाई. मंग माइकवरून माझं नाव पुकारलं. इंग्लिश मीडियममध्ये शिकून बी जंगलासाठी धडपडणारी आपल्या समाजाची लेक, असं म्हणून शाल दिली, पुस्तक दिलं. मी खाली पाहिलं तर तुम्ही टाळ्या वाजवत होते. नुसत्या देखाव्याच्या नाई, हात वर करून वाजवत होते. बाई वाजवत नव्हत्या.

घरी येऊन मी शाल कपाटात कोंबली. आई म्हणे, घालून फोटो काढ. मी म्हटलं, डोकं दुखते.

भाऊ, आता जे सांगते ते माझ्या आईबाबांले बी माहीत नाई. मले मराठी गिनती येत नाई. वीसपर्यंत येते, त्याच्यापुढे तीस, चाळीस, पन्नास असे ठोक येतात, मधले येत नाई. आईनं कोणाचा फोन नंबर मराठीत सांगितला तर मी म्हणते, इंग्लिशमध्ये सांग ना, घाई आहे. घाई नसते. पहिल्या संयुक्त मीटिंगमध्ये दिनेश सर पंचेचाळीस पक्षी म्हणे, तर मी विचारलं, म्हणजे फोर्टी फाइव्ह ना? सगळे हसले. कोणी तरी म्हटलं, 'लंडनवाल्या बाईंसाठी ट्रान्सलेटर ठेवा रे.' चिडवणं होतं, वाईट नव्हतं. मी बी हसली. पण त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. अंदाज लावते अन् मान हलवते.

तुम्ही म्हटलं, एकुणऐंशी. मले वाटलं, एक अन् ऐंशी. मी मनात बेरीज केली. तिथी एक कमी करायचा असते ते शाळेत कोणी शिकवलं असन बी, मी ऐकलं नसन. मनात शंका आली, खरं सांगते, आली. समोर दिनेश सर बसले होते, नदीमभाई बसले होते. 'एकुणऐंशी म्हणजे किती' एवढं विचारायचं होतं. मी ते विचारलं नाई. इंग्रजीत विचारलं, म्हणजे मले येत नाई हे कोणाले दिसणार नाई.

अन् झाड पडल्यावर मीटिंगमध्ये तेच वापरलं, भाऊ. 'मी कन्फर्म केलं होतं, ते हो म्हणाले.' त्यात एक शब्द खोटा नाई. मी ते वाक्य घरून तयार करून आली होती.

आता मी गिनती पाठ करून राहिली. सकाळी दात घासताना म्हणते. एकुणतीस, एकुणचाळीस, एकुणपन्नास. यूट्यूबवर बालवाडीच्या लेकरांचे व्हिडिओ आहेत, ते लावते. तेवीस वर्षांची झाली मी.

उत्तर नाई दिलं तरी चालते.

रिना


ब्रह्मपुरी
१९ मे २०२५

वामनभाऊ,

काल वडस्यात मीटिंग झाली, नदीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानामागच्या आवारात. तुमाले निरोप होता म्हणतात. तुम्ही आले नाई ते बरं झालं.

मी ठरवून गेली होती का आज सांगायचं. बसमध्ये पुलावर वैनगंगेचं पाणी पाहत पाहत वाक्य बी जुळवलं. पण आधी दिनेश सरांनी ठराव मांडला. यापुढे तोंडी माहिती घ्यायची नाई. जे मोबाइलच्या ॲपमध्ये भरते त्याचीच नोंद. चिचटोल्याच्या समितीनं वामनभाऊंच्या जागी कोणी शिकलेला माणूस द्यावा. अन् तिन्ही ग्रुपची को-ऑर्डिनेटर म्हणून रिना काम पाहील, कारण तिचं रेकॉर्ड कीपिंग चांगलं आहे.

सुरज म्हणे, "भाऊले सांगाचं कसं? तीस साल झाले, जंगल तेच पाहून राहिले." सरांनी विचारलं, सगळे सहमत?

मी हात वर केला, भाऊ. ठरावाले. माझ्याआधी फक्त दोघांचे वर होते, माझा पाहून बाकीच्यांनी केले.

मीटिंग झाल्यावर सगळे समोसे खायले गेले. नदीमभाई मशीन पुसत होते, मले थांबवलं. म्हणे, "रिना, एक बात सांग. तू भाऊले कन्फर्म केलं म्हणते. कोणत्या भाषेत केलं?"

मी म्हटलं, मराठीत.

ते म्हणे, "अच्छा." अन् परत मशीन पुसू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मले वाटते. खरं नसन बी.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकण्यात काई अर्थ नाई. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी मी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत 'एकुण ऐंशी', त्याच्यापुढे ८१ अन् त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे तुम्ही बरोबर सांगितलं होतं याचा पुरावा माझ्याच हातचा होता. जानेवारीच्या मीटिंगच्या दिवशी सकाळी मी ते पान फाडलं. तुकडे केले अन् बाथरूममध्ये पाणी सोडलं. मंग वही पिशवीत टाकली, केस विंचरले अन् मीटिंगले आली.

हे मी आतापर्यंत कोणाले सांगितलं नाई. तुमालेच पहिले सांगून राहिली. तुम्ही वाचता का नाई ते बी मले माहीत नाई.

रिना


ब्रह्मपुरी
१७ ऑगस्ट २०२५

वामनभाऊ अन् बायनाबाई,
दोघांले जय भीम.

बाई, तुमचं नाव आता वर लिहिते, कारण पत्रं तुम्हीच वाचता हे मले कळलं. जुलैत वडस्याच्या बाजारात तुम्ही वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, घेत होत्या. मी रस्ता बदलणार होती, तुम्ही आवाज दिला. म्हणे, चौथीपर्यंत शिकली मी, तुझे चारही पत्र वाचले, भाऊ हात लावत नाईत. मी तिथीच रडायले लागली. तुम्ही मले चूप बसवलं नाई. वास्त्याची जुडी पिशवीत टाकली अन् म्हटलं, "माह्याजवळ कबूल करून काय होते? माह्या माणसानं चूक सांगितलं नाई, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याले एक्याऐंशी मी नाई म्हणत. जे म्हणते, त्याले सांग."

म्हणून मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आली.

तिथी काय झालं ते तुम्ही दोघांनी पाहिलं. तरी लिहिते. माझ्याकडून कसं दिसलं ते तुमाले माहीत नाई.

सरपंच मीराबाईंनी मले बोलायले दोन मिनिटं दिली. झेंडावंदनाची बुंदी अजून वाटून राहिले होते. मी उभी राहिली अन् सगळं सांगितलं. भाऊंनी ७९ सांगितला, मी ८१ लिहिला. मले एकुणऐंशी समजलं नाई. पान फाडलं ते बी सांगितलं. मले वाटलं आता शिव्या पडतीन. त्याची तयारी केली होती.

अन् लोक कौतुकानं पाहू लागले. याचा मी कधी विचारच केला नव्हता. सुरज उठून म्हणे, "मॅडम, तुमी ग्रॅज्युएट हा. तुमाले गिनती येत नाई, हे कोण मानन? भाऊले वाचवाले बोलून राहिल्या तुमी." मीराबाई म्हणे, मनाची मोठी पोरगी आहे. मागून कोणी टाळ्या बी वाजवल्या. शिकलेली पोरगी, शहरातून आली, म्हाताऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिली, असं झालं ते. मी खरं बोलली अन् त्यानं तुमचं नाव अजून खाली गेलं.

मी ओरडून म्हटलं का मी खोटं बोलत नाई. तेव्हा बुधरीबाई उठल्या. त्या म्हणे, "दोन साल बकऱ्या लांब नेल्या म्या. मले बी कळू दे. सांग बरं पोरी, एकुणसत्तर म्हणजे किती?"

भाऊ, मले आलं. एप्रिलपासून रोज म्हणून राहिली ना. तोंडातून निघून गेलं, सिक्स्टी नाइन. सगळे हसले. सुरज म्हणे, पाहा, येते ना. एका क्षणासाठी वाटलं होतं, मुद्दाम चुकावं. एक्काहत्तर म्हणावं. पण तुमचं नाव साफ करायले बी खोटंच बोलायचं का, असं झालं. खरं पटवून द्यायले माझ्याजवळ आता काईच नव्हतं. पान मीच फाडलं होतं.

मंग तुम्ही उठले. तुम्ही दाराजवळ बसले आहात हे मले तोपर्यंत दिसलं नव्हतं.

तुम्ही जे म्हटलं ते मी घरी येऊन त्याच दिवशी लिहून ठेवलं, जसंच्या तसं. "ते खरं बोलते. तिनं मले इंग्रजीत विचारलं. मले एटी वन येत नाई. इतक्या शिकलेल्या लोकात कसं म्हणू, म्हणून मी हो म्हटलो. तिले एकुणऐंशी येत नाई, मले एटी वन येत नाई. दोघंई हो हो करत बसलो, अन् पाखरं मेले."

बुंदीवाला वाटता वाटता थांबला.

भाऊ, मी सात महिने समजत होती का तुम्ही माझ्यासाठी चूप बसले. किंवा रागानं. तुम्ही मीटिंगमधून उठून गेले ते लाजेनं गेले, हे मले तेव्हा समजलं. माझ्यासारखीच लाज. फरक एवढाच का तुम्ही ती स्वतःवर ठेवली अन् मी तुमच्यावर टाकली.

तुम्ही बसले. मंग बुधरीबाई म्हणे, "मंग आता एक्याऐंशी कोणाले म्हणाचं?" एकदोघं हसले. मीराबाई म्हणे, "कोणालेच नाई," अन् सचिवाले सांगितलं, वामनरावांनी नंबर बरोबर दिला होता असं प्रोसिडिंगमध्ये लिहा. सचिवानं आधी आकड्यात लिहिलं. मीराबाई म्हणे, अक्षरात बी लिहा. मले सही करायले लावली, मी केली. तुम्ही सही केली अन् माझ्याकडे न पाहता निघून गेले. बाई तेवढ्या थांबल्या.

काल ग्रीन विंग्जच्या ग्रुपवर बी सगळं टाकलं अन् को-ऑर्डिनेटरचं सोडलं. दिनेश सरांचा फोन आला. म्हणे, हे असं जाहीर करायची गरज होती का, आपलं आपसात मिटवता आलं असतं, ग्रुपचं नाव जाते. मी म्हटलं, सर, भाऊंचं नाव गेलं तेव्हा आपल्याले काई वाटलं नाई. मंग ते म्हणे, वामनरावांकडे मले बी यावं लागन. येतीन का नाई ते मी सांगू शकत नाई.

नदीमभाईंना भेटून सांगितलं, मी तुमच्याशी खोटं बोलली होती. ते म्हणे, "मालूम था." म्हणे, भाऊले इंग्रजी येत नाई हे पूर्ण वडस्याले माहीत आहे, तुलेच माहीत नव्हतं. मेचा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये रद्द करायले ते स्वतः मांडणार आहेत. यापुढे नंबर खोलीत बसून लिहायचा नाई, असं त्यांचं म्हणणं आहे. हद्दीवरच्या मुनाऱ्यावर खात्यानं कंपार्टमेंटचा आकडा रंगवला असते, त्या दगडासमोर उभं राहायचं, सांगणाऱ्यानं अन् लिहिणाऱ्यानं दोघांनी पाहायचं, तेव्हाच वहीत घ्यायचा.

मी हे तुमच्याकडून माफीसाठी लिहीत नाई. आठ पिल्लं मेली, ती कोणत्या कागदावर सही करून परत येणार? फक्त तुमाले वाटू नये का ग्रामसभेत बोलून ही पोरगी मोकळी झाली. मी मोकळी नाई झाली.

रिना


ब्रह्मपुरी
१३ ऑक्टोबर २०२५

वामनभाऊ,
जय भीम.

तुमचं पत्र शनिवारी भेटलं. आई म्हणे, तुझ्या नावानं पहिल्यांदाच हातानं लिहिलेलं काई तरी आलं. मी ते खोलीत नेऊन वाचलं. पाचच ओळी आहेत, तरी बहुत वेळ लागला. तुमचं अक्षर बारीक आहे.

तुम्ही लिहिलं, 'टकल्या आला. कंपार्टमेंट एकशे बारा, नाल्याच्या वरच्या अंगाले, मोठ्या बेहड्यावर दोन घरटी धरली. आणखी धरतील. यंदाची यादी नोव्हेंबरात जाईल. न पाहता लिहू नका.'

मी रविवारी पहिल्या गाडीनं येते. नदीमभाई बी येतीन. ते दुपारपर्यंतच आहेत, दुकान उघडायचं असते. आता मी को-ऑर्डिनेटर नाई, तर मले न्यायचं का नाई ते तुम्ही ठरवा. नाई म्हटलं तर मी ओट्यावर बसते, बाईंशी बोलते, संध्याकाळी परत जाते.

तुम्ही मले माफ केलं का, ते पत्रात लिहिलं नाई. मी विचारत बी नाई. 'न पाहता लिहू नका' हे मले लिहिलं का सगळ्या ग्रुपले, ते बी विचारत नाई. मलेच लिहिलं आहे असं समजते.

पण एक गोष्ट विचारतेच, कारण मले खरंच समजली नाई. 'वरच्या अंगाले' म्हणजे नाल्याचं पाणी जिकडून येते तिकडे, का टेकडीच्या बाजूले? आईले विचारलं, तिले बी पक्कं माहीत नाई. अंदाज लावता आला असता. मुनाऱ्याजवळ उभं राहून नदीमभाईंसमोर परत विचारीन. तुमाले हसू आलं तर हसजा.

रिना